आज्ञावलीकाराची टिपणवही आणि ‘पूर’

संगणकाचा आज्ञावलीकार वारंवार उपयोगी पडणाऱ्या लहान आज्ञा टिपणांसह जपून ठेवतो. अशा संग्रहात आज्ञेइतकेच महत्त्व तिच्या कारणाला असते. बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूर हे ग्रामनाम उदाहरणादाखल घ्यावे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनुसार ग्रामनामाच्या अंती येणारा ‘पूर’ दीर्घ लिहावयाचा असतो. ‘शब्दान्तीच्या “पुर”चा “पूर” करावा’ एवढीच आज्ञा नोंदली, तर ‘सुलतानपुर’ शुद्ध होईल. परंतु ‘नूपुर’, ‘अंतःपुर’ हे तत्सम शब्द अशुद्ध होतील. उलटपक्षी, केवळ ‘सुलतानपूर’ शोधणाऱ्या आज्ञेस ‘सुलतानपुरात’ हे रूप सापडणार नाही. कारण सामान्यरूपात तो ऊकार ऱ्हस्व होतो. नियमाची ही मर्यादा टिपणात नसेल, तर पुढे तीच आज्ञा वापरणारा अभ्यासक शब्दसंग्रह शुद्ध करण्याऐवजी नासवील.