ईदीचे पैसे आणि पत्त्यांचा कॅट

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बहिणी औंढा नागनाथला माहेरी जमलो होतो. दुपारी ओट्यावर मोहल्ल्यातल्या मुलांचा घोळका बसला होता आणि मधोमध पोकेमॉनचे रंगीत पत्ते पसरले होते. हातात ईदी पडताच मुलांनी दुकानातून दहा-दहा रुपयांची पाकिटे आणली होती. पत्ते नकली होते, उत्साह मात्र अस्सल होता. दोघांनी एकेक पत्ता टाकायचा आणि ज्याचा आकडा मोठा त्याने दोन्ही उचलायचे, एवढाच खेळ. अर्ध्या तासात धाकटीचा मुलगा रडत घरात आला. त्याने ईदीतून घेतलेले सगळे पत्ते एका थोरल्या मुलाच्या खिशात गेले होते. त्या मुलाचे अब्बा सौदीत कामाला आहेत. पाकिटे तोच जास्त घेऊ शकत होता, म्हणून मोठे आकडेही त्याच्याकडेच होते.

अम्मीने निकाल दिला, "हा जुगार आहे. चुलीत घाला ते पत्ते."

अम्मीचे म्हणणे खोटे नव्हते. हरणाऱ्याची वस्तू जिंकणाऱ्याने नेणे हा जुगारच, आणि तो हराम आहे. २००१ मध्ये सौदी अरेबियाने पोकेमॉनवर बंदी घातली, तेव्हा सांगितलेल्या कारणांत जुगार हेही एक कारण होते. पण पत्ते जाळले की मुले दुसऱ्या गल्लीत जाऊन तेच खेळणार, हेही आम्हाला दिसत होते. म्हणून आधी या खेळाची रीत समजून घेऊ.

पत्ते जमवायचे, त्यांतून आपापला कॅट बांधायचा आणि खेळायचे, हा प्रकार १९९३ मध्ये अमेरिकेत आलेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळाने रूढ केला. तो बनवणारे रिचर्ड गारफील्ड गणिताचे प्राध्यापक होते. सुरुवातीच्या नियमांत प्रत्येक डावाला एक पत्ता पणाला लावायची सोय होती. पुढे ती मागे पडली आणि पणाशी संबंधित पत्ते अधिकृत स्पर्धांतून बाद झाले. जे अम्मीला ओट्यावर दिसले, ते खेळ चालवणाऱ्यांनाही कळले होते.

दुसरी गोष्ट विविधतेची. पोकेमॉनच्या खऱ्या नियमांत कॅट बरोबर ६० पत्त्यांचा असतो आणि ऊर्जेचे साधे पत्ते सोडले तर एका नावाचे चारच पत्ते चालतात. शिवाय प्रत्येक प्रकाराला तोड असते. त्यामुळे दगड-कागद-कात्रीसारखे कोणीच कायमचे वरचढ राहत नाही. हा तोल गेला की खेळ मरतो. मॅजिकमध्ये २००४च्या सुमारास 'अफिनिटी' नावाचा कॅट इतका भारी झाला की बरेच खेळाडू तोच घेऊन येत आणि उरलेले फक्त त्याला पाडायच्या तयारीने येत. लोक कंटाळून खेळ सोडू लागले. अखेर मार्च २००५ मध्ये कंपनीने त्यातल्या आठ पत्त्यांवर एकदम बंदी घातली. आपल्याच खपाचे पत्ते तिला बाद करावे लागले.

तिसरी गोष्ट पैशाची. तिच्यावर खेळाडूंकडे एक जुना तोडगा आहे, ड्राफ्ट. सगळ्यांना सारखे पत्ते वाटायचे. प्रत्येकाने एक ठेवून बाकीचे शेजाऱ्याकडे सरकवायचे आणि असेच निवडत जायचे.

आम्ही तेच केले. ज्याचे पत्ते त्याला परत दिले. थोरला मुलगा आधी फुरंगटला. पण पत्त्यामागे पेन्सिलीने नाव लिहायचे आणि खेळ संपल्यावर ज्याचे त्याने घ्यायचे ठरल्यावर तयार झाला. मग सगळे पत्ते एकत्र पिसले. आग, पाणी आणि पाला हे तीनच प्रकार ठेवले. आग पाल्याला जाळते, पाणी आगीला विझवते, पाला पाणी पितो. प्रकार एकच असेल तेव्हाच आकडा बघायचा.

पहिल्या डावात पोरांनी मोठ्या आकड्यांची आग गोळा केली. आतापर्यंत कोणी खेळायला न बोलावलेल्या आमच्या भाचीने गुपचूप पाणी जमवले आणि सगळ्यांना हरवले. दुसऱ्या डावात सगळे पाल्यावर तुटून पडले, तर रडून आलेला धाकटा आग घेऊन बसला होता! तिसऱ्या डावापासून प्रत्येकाचा कॅट वेगळा झाला. आता मुले पत्त्याआधी समोरच्याचा चेहरा वाचत होती.

मगरिबची अजान झाली तेव्हा नावे बघून पत्ते परत वाटले गेले. कोणाचा एक पत्ताही कमी झाला नाही. अम्मी दारातून सारे पाहत होती. चुलीचा विषय तिने पुन्हा काढला नाही, एवढेच म्हणाली, "नवी पाकिटे मात्र आणायची नाहीत."

आपल्या घरीही मुले असे पत्ते घेऊन बसली असतील, तर ओरडण्याआधी क्षणभर शेजारी बसून बघा. हरणाऱ्याचे काही जाते का? पाकिटे जास्त घेणाराच जिंकतो का? सगळे एकाच पत्त्याच्या मागे लागले आहेत का? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर मुलांना खेळू द्या. एक जरी 'होय' असेल, तर आधी नियम बदला.