दोन सिम, एक टॉवर
लेखमाला ‘चाकांवरचं घर’ : भाग 5

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन आहे. जमिनीत चुनखडी आणि कोळसा, खाली पैनगंगा आणि नदीपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. 2022 मध्ये इथे बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा सिमेंट कारखाना सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला 39 लाख टनांची. सिमेंट आलं की ट्रक आले, आणि प्रत्येक ट्रकसोबत एक बिऱ्हाड आलं: सीटमागची झोपायची फळी, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, देवाचा फोटो आणि चार्जरला लावलेले दोन मोबाइल.

अमेरिकेत घरगाडीत बारमाही राहणारे लोक इंटरनेटच्या दोन-तीन वाटा एकदम चालू ठेवतात. एका कंपनीचं सिम, दुसरीचं सिम, मुक्कामाच्या जागेचं वाय-फाय आणि 2022 पासून स्टारलिंकने खास घरगाड्यांसाठी आणलेली उपग्रह जोडणी. एक वाट बंद पडली की राउटर दुसरी धरतो. महाराष्ट्रानेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. पण आपल्याकडे महिनेच्या महिने चाकांवर राहणारा माणूस पर्यटक नाही, ट्रकचालक आहे. नेट गेलं तर पर्यटकाची करमणूक थांबते, चालकाची गाडी थांबते.

ई-वे बिलाचंच घ्या. मालासोबतच्या या बिलाची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस, म्हणजे 600 किलोमीटरच्या खेपेला तीन दिवस. वाटेत टायर फुटला, घाटात कोंडी झाली, तर मुदत वाढवून घ्यावी लागते आणि ती संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्याच वेळात ते करता येतं. मुदत मध्यरात्री संपते. म्हणजे दुपारी चार ते सकाळी आठ. गाडी कुठे उभी आहे, उशीर का झाला, हे चालकाने मालकाला किंवा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला कळवायचं, मग तिकडून पोर्टलवर नोंद. ती वेळ हुकली आणि पुढे गाडी तपासणीत सापडली तर माल अडकतो, दंड भरावा लागतो. आणि या सोळा तासांतली संध्याकाळ ही नेमकी नेट मंदावण्याची वेळ.

ते का मंदावतं? चालक ‘टॉवर नाही’ म्हणतो तेव्हा तीनपैकी एक गोष्ट झालेली असते, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पहिली, सिग्नलच कमकुवत आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा वजा चिन्हासह दिसतो. वजा 85 च्या आसपास असेल तर चांगला, वजा 110 च्या खाली गेला तर काम अवघड. केबिनचा पत्रा सिग्नल अडवतो, म्हणून फळीवर पडलेला फोन उचलून काचेपाशी ठेवला तरी फरक पडतो. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरं सिम लावून पाहावं. काही जण बाजारातून सिग्नल बूस्टर आणून बसवतात. ते करू नये. परवान्याशिवाय असं यंत्र वापरणं बेकायदा आहे, आणि त्याच्या गोंगाटाने आजूबाजूच्या सगळ्यांचं नेट बिघडतं.

दुसरी गोष्ट फसवी. कांड्या पूर्ण दिसतात, पण व्हिडिओ फिरतच राहतो. इथे सिग्नल भरपूर आहे, टॉवरवर गर्दी झाली आहे. गाड्यांच्या रांगेतले सगळे चालक संध्याकाळी एकदमच घरी व्हिडिओ कॉल लावतात, आणि टॉवरची क्षमता त्या सगळ्यांत वाटली जाते. कांड्या मोजतात फक्त आवाज किती मोठा आहे ते, आपल्या वाट्याला किती येईल ते नाही. अशा वेळी एक कांडी दाखवणारं दुसऱ्या कंपनीचं सिम चार कांड्यांच्या सिमपेक्षा वेगवान ठरू शकतं. फोन मात्र आपणहून ते ओळखेलच असं नाही. कांड्या भरलेल्या दिसतात तोवर तो बरेचदा त्याच सिमला धरून बसतो. बोट चालकालाच फिरवावं लागतं.

तिसरी गोष्ट दुसऱ्या सिमलाही दाद देत नाही. एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांच्या अँटेना असणं आपल्याकडे सर्रास आहे. वादळात वीज गेली, बॅटरी उतरली, डिझेल संपलं की सगळ्या एकदम गप्प. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली तरी तेच. खिशात दोन कंपन्यांची सिम आहेत म्हणून दोन वाटा आहेत असं धरून चालणं ही या सगळ्या व्यवहारातली सर्वांत महाग समजूत आहे. एकाच भागात दोन्ही सिम वारंवार एकदमच मरत असतील, तर त्यातलं एक बदलून जिचा मनोरा वेगळा आहे अशी कंपनी घ्यावी.

सिम बदलताना यूपीआय जपावं लागतं. ज्या नंबरवर खातं जोडलंय ते सिम फोनमध्ये राहायला हवं, डेटा मात्र दुसऱ्या सिमवरून चालतो. गोम आहे ती मधेच बदलण्यात. पंपावर पैसे पाठवले, चक्र फिरतंय, तेवढ्यात डेटाचं सिम बदललं, तर फोनचा इंटरनेटवरचा पत्ताच बदलतो आणि आधीच्या पत्त्यावर येणारं उत्तर पोचत नाही. पैसे कापले गेले असू शकतात. म्हणून पुन्हा पाठवण्याआधी व्यवहारांची यादी उघडून पाहावी. दुकानदाराला पोचल्याची खात्री न मिळालेली रक्कम पाच दिवसांत आपोआप परत आली पाहिजे, नाहीतर रोज 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. नेट अजिबात नसेल तेव्हा *99# आहे, त्याला डेटा लागत नाही.

नदी ओलांडली की आणखी एक बदल होतो. दूरसंचाराच्या नकाशात महाराष्ट्र-गोवा हे एक परिमंडळ, आणि तेलंगणा अजून आंध्र प्रदेश परिमंडळात. लहरींचा लिलाव परिमंडळानुसार होतो, त्यामुळे मुकुटबनला दमदार असलेली कंपनी आदिलाबादला तशीच असेल असं नाही. सीमेजवळ फोन कधी इकडचा टॉवर धरतो, कधी तिकडचा, आणि दूरच्या कमकुवत टॉवरला चिकटून राहतो. एअरप्लेन मोड चालू करून बंद केला की तो पुन्हा शोध घेतो. राष्ट्रीय महामार्ग 44 ने सीमेजवळच्या पिंपळखुटीहून पुढे गेल्यावर हे करून घेतलेलं बरं.

दुसरं सिम फुकट चालत नाही. जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा अनेकांनी बीएसएनएलची वाट धरली. त्या कंपनीचं स्वदेशी 4जी देशभर सुरू झाल्याची घोषणा सप्टेंबर 2025 मध्ये झाली. त्याआधी, 17 जानेवारी 2025 ला केंद्राने आणखी मोलाचं पाऊल उचललं: डिजिटल भारत निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवर जिओ, एअरटेल, बीएसएनएल यांपैकी कुठल्याही कंपनीच्या ग्राहकाला 4जी मिळावं, टॉवर कोणाचाही असो. सरकारी पैशाने बांधलेला मनोरा एकाच कंपनीच्या ग्राहकांपुरता राहू नये, हे फार आधी व्हायला हवं होतं. आता हीच सोय मालवाहतुकीच्या रस्त्यांवरच्या सगळ्या मनोऱ्यांना लागू व्हावी. तसं झालं तर चालकाच्या खिशातून दर महिन्याला जाणारा एक रिचार्ज वाचेल.

तोवर तिसरी वाट ढाब्यावर आहे. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत चहाची टपरी किंवा ढाबा चालवणाराही परवाना न काढता वाय-फायचा डेटा विकू शकतो. ढाब्याची फायबर वेगळ्या मार्गाने आली असेल, तर टॉवर बंद पडला तरी ती चालू राहते. जेवायला कुठे थांबायचं हे ठरवताना चालकांनी भाजीइतकीच चौकशी या लाइनची करावी.

(पुढच्या भागात : इंजिन बंद असताना केबिनमधले पंखा, फोन आणि दिवा रात्रभर चालवणारी बॅटरी.)