धुराचे दिवस आणि शहाणा कुत्रा

वणव्याची आग जेथे लागते तेथेच जाळते. त्याचा धूर मात्र दीडशे मैलांवरच्या घरांतही शिरतो. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी उत्तर कॅलिफोर्नियात पॅरडाइज या गावाजवळ असा वणवा पेटला. ८५ माणसे दगावली, १८ हजारांवर इमारती भस्म झाल्या. धूर दक्षिणेस सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी पसरला आणि पाऊस येईपर्यंत तेथेच मुक्काम ठोकून बसला. त्या दिवसांत मी तिकडे मुलीच्या घरी होतो, आणि त्या घरी बॉर्डर कॉली जातीचा एक कुत्रा होता.

ही जात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरील मेंढपाळांची. धन्याच्या शिटीसरशी दूरवरच्या मेंढ्या वळवून आणणे हे तिचे पिढीजात काम. चेसर नावाच्या अशाच एका कुत्रीला हजारावर वस्तूंची नावे ओळखता येत. जॉन पिली या मानसशास्त्रज्ञाने तिच्यावरील आपला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध केला. ऐकून आपल्याला कौतुक वाटते. पण अशा प्राण्याला घरात कोंडून ठेवण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याचे कौतुक दोन दिवसांत आटते! मी मोज्याला हात घातला की हा दाराशी हजर. फिरायची वेळ त्याला घड्याळाशिवाय कळे. आज फिरायला का जायचे नाही, ते मात्र त्याला सांगण्याची सोय नव्हती.

आता हा धूर म्हणजे काय? त्यात जे डोळ्यांना झोंबते त्याहून जे दिसत नाही ते अधिक घातक. अडीच मायक्रॉनांहून बारीक असे कण, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा सुमारे तिसावा हिस्सा, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. माणूस मुखपट्टी लावतो. कुत्र्याच्या लांबट तोंडाला ती नीट बसत नाही. आणि घट्ट बांधलीच तर आणखी पंचाईत, कारण त्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून ल्हा ल्हा करूनच तो अंग निववतो. धावू लागला की श्वास कित्येक पटींनी वाढतो, आणि त्याबरोबर धूरही आत जातो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या व म्हाताऱ्या कुत्र्यांना तर लवकरच त्रास होतो.

हे सर्व मला नंतर कळले. १६ नोव्हेंबरला सकाळी मला धुराचा वास येईनासा झाला. मी समजलो, हवा निवळली. घरात कोणी नव्हते. चेंडू घेऊन त्याला अर्धा तास मनसोक्त पळवले. रात्री तो कोरडे खोकू लागला. मुलीने एवढेच विचारले, "बाबा, आकडा पाहिला होतात का?" तेथे हवेच्या शुद्धाशुद्धतेचा आकडा रोज जाहीर होतो, दीडशेवर गेला की हवा सर्वांनाच अपायकारक. त्या दिवशी तो दोनशेच्याही वर होता. धूर गेला नव्हता, माझे नाक त्याला सरावले होते. पशुवैद्याने सक्त विश्रांती सांगितली. खोकला तीन दिवसांनी थांबला. ते तीन दिवस माझा डोळा त्याच्या बरगड्यांवरून हलला नाही.

मग दिनक्रम बदलला. खिडक्या बंद, एका खोलीत हवा गाळणारे यंत्र, बाहेर जाणे केवळ देहधर्मापुरते, आणि परतल्यावर ओल्या फडक्याने अंग व पाय पुसणे. नाहीतर अंगावर बसलेली राख तो चाटणार. पायांचे काम बंद झाले तेव्हा नाकाला काम दिले. जेवण वाडग्यात न देता मुलीच्या जुन्या पातळाच्या घड्यांत, खोक्यांखाली, जिन्याच्या पायरीवर दडवून ठेवायचे आणि "शोध" म्हणायचे. वीस मिनिटे हुंगून तो असा दमे की सरळ झोपी जाई. मात्र दुसऱ्याच दिवशी त्याने शोधणे सोडून माझ्या हातांवर पाळत ठेवायला सुरुवात केली! तेव्हा त्याला दाराआड ठेवूनच मी लपवालपवी करू लागलो. मग खेळण्यांची नावे शिकवली. चार त्याला आली. पाचव्यावर आमचे एकमत झाले नाही.

२१ नोव्हेंबरला पाऊस आला. मुलीने आधी आकडा पाहिला, मग चेंडू माझ्या हातात दिला.