पदार्थविज्ञान : पाठांतर कीं प्रचीति ?

पाणी किती अंशांवर उकळतें, असें परीक्षेंत विचारतात. विद्यार्थी ‘100 अंश सेल्सियस’ असें लिहितो व पुरे गुण मिळवितो. परंतु आमचें देवळाली समुद्रसपाटीहून साडेपांचशें मीटरांपेक्षां अधिक उंच आहे. येथें हवेचा दाब कमी असल्यामुळें उकळत्या पाण्यांत तापमापक सुमारें 98 अंशच दाखवितो. पुस्तक खोटें नव्हे. त्यांतील आंकडा समुद्रसपाटीचा आहे.

हायस्कुलांतील पदार्थविज्ञानाच्या शिक्षणाचें वैगुण्य येथेंच दिसतें. पुष्कळ ठिकाणीं उपकरणें कपाटांत राहतात आणि प्रयोग फळ्यावर होतो. त्याहून वाईट हें कीं, डोळ्यांनीं 98 पाहूनहि विद्यार्थी गुणांच्या भीतीनें प्रयोगवहींत 100 लिहितो. ज्या विषयानें सत्य पाहावयास शिकवावें, तोच अशा वेळीं असत्य लिहावयास शिकवितो.

विज्ञान-शिक्षणाच्या सुधारणेसाठीं मुंबईस 1974 सालीं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झालें. परंतु खरी सुधारणा वर्गांत व घरींच व्हावयाची आहे. विद्यार्थ्यांनीं जें दिसलें तेंच लिहावें व फरक कां पडला याचा शोध घ्यावा. पालकांनींहि गुणपत्रकाबरोबर प्रयोगवही मागावी आणि विचारावें, “यांतील कोणता प्रयोग तूं स्वहस्तें केलास ?”