किलोभर साखर, मुंबईची आणि दिल्लीची

किराणा दुकानातलं लोखंडी वजन उलटं करून पाहिलंत, तर त्यात एक भोक आणि भोकात ठोकलेलं शिसं दिसेल. वजन वापरून झिजतं. मग परवानाधारक दुरुस्तीवाला त्यात शिसं घालून ते पुरं करतो आणि वैधमापन निरीक्षक त्या शिशावर ठसा मारतो. शिसं मऊ, त्यामुळे कोणी उकरलं तर ठसाच बिघडतो. साधी, पण नामी युक्ती!

आता तराजूची जागा इलेक्ट्रॉनिक काट्याने घेतली आहे आणि त्याच्या लाल आकड्यांवर आपण नको इतका विश्वास टाकतो. तराजूत दोन्ही पारड्यांना पृथ्वी सारखीच ओढते, म्हणून तो कुठेही न्या, न्याय तोच. इलेक्ट्रॉनिक काट्यात दुसरं पारडंच नाही. मालाच्या भाराने आतली धातूची पट्टी किंचित वाकते, तिच्यावरच्या तारांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा निघतो. म्हणजे काटा मोजतो ते पृथ्वीचं ओढणं. विषुववृत्ताकडे जाऊ तसं ते कमी होत जातं. दिल्लीत जुळवलेला काटा तसाच मुंबईत मांडला, तर किलोमागे सुमारे अर्धा ग्रॅम कमी दाखवेल. साखर घेताना यात तोटा दुकानदाराचा. सोन्याची मोड द्यायला गेलात, तर तुमचा.

म्हणूनच काटा जिथे वापरायचा तिथे जुळवावा लागतो आणि जुळवणीला प्रमाणित वजन लागतं. निरीक्षकाचं वजन दुय्यम प्रमाणाशी ताडलेलं असतं, ते संदर्भ प्रमाणाशी. या साखळीच्या टोकाला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतला ५७ क्रमांकाचा प्लॅटिनम-इरिडियमचा किलो आहे. त्याचा मूळ नमुना पॅरिसजवळ सेव्हरला. शतकभरात त्या नमुन्यात आणि त्याच्या प्रतींमध्ये सुमारे ५० मायक्रोग्रॅमची तफावत पडली. अखेर २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावर बेतली गेली. दुकानातल्या किलोला याचा पत्ताही लागला नाही, आणि तेच अपेक्षित होतं.

एवढी काटेकोर साखळी तुटते ती बहुधा शेवटच्या कडीशी, दुकानात. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ खालच्या नियमांनुसार लोखंडी वजनांची फेरपडताळणी दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्यांची दरवर्षी करावी लागते. पडताळणीचं प्रमाणपत्र दुकानात दर्शनी भागात लावलेलं हवं. पुढच्या वेळी भाव करण्याआधी त्यावरची तारीख वाचा आणि माल ठेवण्यापूर्वी काटा शून्यावर आहे ना, तेही बघा.