स्टुलावरचे डॉक्टर

पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचं चुडावा. कापूस वेचणीचे दिवस आहेत, सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत कंबर धरून आलेल्या बायांची रांग आहे. टेबलामागे इंटर्न मुलगी बसलीय. एमबीबीएसनंतरच्या ५२ आठवड्यांपैकी १२ आठवडे तिला समाजवैद्यकाच्या अशा कामासाठी आहेत. वैद्यकीय अधिकारी खिडकीपाशी स्टुलावर बसलेत. गप्प. हातात वही.

साठीच्या मावशी साखरेची तक्रार सांगतायत.

"गोळ्या घेता?"

"घेते की, माय."

मुलगी केसपेपरवर लिहायला लागते, थांबते. "काल कधी घेतली?"

मावशी पदराशी चाळा करतात. "काल कापसात होते. र्‍हायली."

"आणि परवा?"

"परवा बी."

स्टुलावरचं पेन चटकन काहीतरी टिपतं. तो 'काल कधी' हा प्रश्न कुठल्याही लेखी पेपरात तपासता येत नाही. तो विचारला जाताना कुणीतरी तिथे बसलेलं असावं लागतं. अमेरिकेत जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नेमकी हीच रीत मांडली: खरा रुग्ण, थोडका वेळ, शेजारी बसून पाहणारा अनुभवी डॉक्टर, नऊ पायऱ्यांची मोजपट्टी आणि लगेच बोलणं. इथे छापील मोजपट्टी नाही. पाहणं मात्र तेच आहे.

बीपी तपासून होतो. गोळी जेवणाशी कशी बांधायची, डब्यासोबत शेतात कशी न्यायची, हे ती नीट समजावते. मावशी उठतात.

आता डॉक्टर बोलतात. "मावशी, जरा बसा. चपला काढता?"

डाव्या टाचेला फोड आहे, फुटून ओला झालेला. "हे कधीचं?" मावशी वाकून पाहतात, त्यांनाच माहीत नव्हतं. मुलगी डोळे मिटायला सांगते, कापसाचा बोळा तळव्यावरून फिरवते. मावशींना कळत नाही. ती स्वतः जखम धुते, पट्टी बांधते, अनवाणी रानात जाऊ नका म्हणून बजावते. रांगेतून कुणीतरी कुरकुरतं. डॉक्टर घाई करत नाहीत, आणि मला त्यांचं तेच पटतं.

मावशी गेल्यावर डॉक्टर दार लोटून घेतात. रुग्णासमोर चुकीबद्दल एक शब्द नाही.

"तुला काय वाटतं?"

"पाय राहिला, सर."

"'काल कधी' हे विचारलंस, ते फार चांगलं. साखरेचा पेशंट आला की पाय बघायचाच, तक्रार नसली तरी. ड्रेसिंगला त्या परवा येतील. केस तुझीच. मी इथेच बसेन."

तिच्या इंटर्नशिपच्या लॉगबुकावर डॉक्टरांची सही आज होत नाही. "पुढचा पेशंट," मुलगी हाक मारते.