विश्लेषण : मराठवाड्याच्या उन्हात फिरत्या घरातला फ्रिज चालवायचा कसा?

लातूरहून निघायचे, अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठायचे, तख्त सचखंड श्री हुजूर साहिबचे दर्शन घ्यायचे आणि पुढे माहूरला रेणुकामातेच्या पायाशी जायचे. गाडीतच झोपायची आणि स्वयंपाकाची सोय केली तर लॉज शोधायची कटकट वाचते. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, तेव्हापासून अशा फिरत्या घरांची चर्चा वाढली. गाडी सजवताना पलंग, ओटा, पडदे यांवर भरपूर विचार होतो. फ्रिज मात्र ‘बसवू एखादा छोटा’ म्हणून शेवटी उरतो. सोबत इन्सुलिन घेणारे आजोबा असतील, तर खरा प्रश्न तिथेच आहे.

उन्हाळ्यात नेमके काय बिघडते?

मे महिन्यात नांदेड-लातूरचा पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो. हे झाले सावलीतले तापमान. उन्हात उभ्या, काचा लावलेल्या गाडीत ते याहून कितीतरी वर असते. फ्रिज थंडी तयार करत नाही; आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. बाहेरच भट्टी असेल तर उपसा अवघड होतो आणि कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही.

म्हणून लिटर आणि किंमत पाहण्याआधी हवामान वर्ग पाहावा. तो माहितीपत्रकावर किंवा मागच्या पट्टीवर छापलेला असतो. ‘एन’ वर्ग ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी, ‘एसटी’ ३८ पर्यंत आणि ‘टी’ ४३ पर्यंत. (‘एसटी’ वाचून लाल परी आठवेल, पण इथे तिचा संबंध नाही.) आपल्याकडे ‘टी’च हवा. तोही भिंतीला चिकटवून बसवला तर उपयोग नाही. मागे हवा खेळायला जागा आणि गरम हवा बाहेर पडायला जाळी लागतेच.

बाजारात मिळणाऱ्यांपैकी कोणता घ्यावा?

सर्वांत स्वस्त मिळतो तो सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा थर्मोइलेक्ट्रिक डबा. तो बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम २० अंशांनी थंड होतो. महाबळेश्वरला ठीक, लातूरच्या ४२ अंशांत आत २२ अंश राहणार. पाण्याची बाटली गार लागेल, दूध मात्र संध्याकाळपर्यंत फाटेल.

दुसरा प्रकार गॅसवर चालणारा. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश अभियंत्यांनी १९२२ मध्ये तो शोधला. यात कॉम्प्रेसर नसतो, आवाजही नसतो. ज्योतीच्या उष्णतेने आतले अमोनियाचे मिश्रण फिरते. युरोपातल्या कॅराव्हॅनमध्ये तो वर्षानुवर्षे चालला. पण गाडी सपाट उभी असावी लागते, कडक उन्हात त्याचा दम निघतो आणि बॅटरीवर लावला तर १०० वॉटच्या वर सतत वीज खातो. झोपायच्या जागेत ज्योत पेटती ठेवणे हा धोका वेगळाच. आपल्याकडे तो टाळलेला बरा.

घरचा छोटा फ्रिज इन्व्हर्टरवर लावावा, असे बहुतेकांना वाटते. त्याच्या स्टार लेबलवर वर्षाला १८० युनिट लिहिले असतील, तर दिवसाला अर्धा युनिट म्हणजे सुमारे ५०० वॅट-तास झाले. एवढ्यावर हिशेब थांबत नाही. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी १०-१५ वॅट पितो, म्हणजे दिवसाला आणखी २४० ते ३६० वॅट-तास. शिवाय हा फ्रिज खड्ड्यांत हादरे खाण्यासाठी बनलेला नसतो.

उरतो थेट १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज. महाग आहे, पण आपल्याकडे निभावतो तो हाच. वर झाकण उघडणारा घेतला तर उघडताना थंडी सांडत नाही. घेण्यापूर्वी गाडीची बॅटरी किती व्होल्टची आहे ते पाहावे. ट्रक आणि मोठ्या बसची बहुधा २४ असते.

वीज किती लागेल?

साधारण ४० लिटरचा असा फ्रिज चालू असताना ४५ वॅटच्या आसपास घेतो. उन्हाळ्यात तो दिवसातला ६० टक्के वेळ चालला, असे धरू : ४५ गुणिले २४ गुणिले ०.६, म्हणजे जवळपास ६५० वॅट-तास. हिवाळ्यात याच्या निम्मे पुरतील. १०० अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीत १,२०० वॅट-तास असतात, पण ती निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. हाती राहिले ६००. रात्र निघेल, दुसरी संध्याकाळ निघणार नाही. तेवढ्याच क्षमतेच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून हजारभर वॅट-तास निर्धास्त काढता येतात. मात्र ती इंजिनजवळ ठेवू नये, तापलेल्या अवस्थेत चार्जही करू नये.

फ्रिजची बॅटरी गाडीच्या बॅटरीपासून वेगळीच हवी. नाहीतर माहूरच्या पायथ्याशी सकाळी सेल्फ मारल्यावर नुसता ‘टक’ आवाज येईल. चालत्या गाडीत ही दुसरी बॅटरी डीसी-टू-डीसी चार्जरमधून भरते.

टपावर २०० वॅटचे सोलर पॅनेल लावले तर उन्हाळ्यात दिवसाला ७०० वॅट-तासांच्या आसपास मिळतात. १,००० का नाहीत? तापलेल्या पॅनेलची ताकद दर अंशाला सुमारे ०.४ टक्के घटते आणि टपावर ते आडवे असते. तरी ऊन जास्त तेव्हा फ्रिजची भूक जास्त आणि वीजही जास्त, हा मेळ आपल्या भागाच्या पथ्यावर पडतो. खरी ओढाताण होते श्रावणात, ढग दाटून आल्यावर.

गॅरेजवाल्याला काय सांगावे?

वायर जाड टाकायला सांगा. पाच मीटर अंतरावर १ चौरस मिलिमीटरची वायर ओढली, तर ५ अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच जातात. बॅटरी भरलेली असूनही फ्रिजला ती रिकामी वाटते आणि तो बंद पडतो. दोष फ्रिजला दिला जातो. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ही घट निम्म्याहून कमी होते. ४ ची टाकली तर उत्तम. फ्यूज बॅटरीजवळच हवा. गाडी एमएच-२४ असो की एमएच-२६, मोटार वाहन कायद्यानुसार मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. तेव्हा कापाकापीपूर्वी आरटीओत विचारून घ्यावे.

इन्सुलिनचे काय?

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वापरात घेतलेले बहुतेक प्रकार ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकतात, नेमकी मुदत वेष्टनावर असते. उन्हात उभ्या गाडीत मात्र तेवढाही भरवसा नाही. उलटा धोकाही आहे : कॉम्प्रेसर फ्रिजमध्ये बर्फही होतो आणि एकदा गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. म्हणून ते थंड भिंतीला टेकवू नये. डब्यात घालून मधोमध ठेवावे आणि शेजारी छोटा थर्मामीटर असावा. फ्रिजच्या बटणावरचा आकडा आणि आतले तापमान नेहमी जुळतेच असे नाही. निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रिज थंड करून, गार केलेलेच सामान त्यात भरले, तर पहिल्या दिवशी बॅटरीवरचा ताण बराच हलका होतो.